निम्म्या किमतीची बॅटरीवरची करवत: आधी बॅटरी पाहावी, मग यंत्र

नमस्कार. आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: खानापूर तालुक्यात जुनी कौलारू घरे उतरवण्याची आणि पावसाळ्यात पडलेल्या फांद्या तोडून देण्याची कामे आपण घेता, आपल्याकडे बॉशचे निळे १८ व्होल्टचे ड्रिल, त्याचा चार्जर आणि २ अँपिअर-अवरच्या (बॅटरीत विजेचा साठा किती, त्याचे हे माप) दोन बॅटऱ्या आहेत, सध्या दुसऱ्या एका कंपनीची रेसिप्रोकेटिंग सॉ (पाते पुढे-मागे होणारी करवत) जवळपास निम्म्या किमतीत, पण बॅटरीशिवाय मिळत आहे, आणि तोच विक्रेता तिच्यासाठी ६ अँपिअर-अवर लिहिलेल्या ‘कम्पॅटिबल’ (मूळ कंपनीच्या नसलेल्या, पण त्या यंत्रात बसणाऱ्या) बॅटऱ्यांची स्वस्त जोडी देऊ करत आहे. हा व्यवहार करावा का? माझ्या मते, या स्वरूपात करू नये. सवलत करवतीवर आहे आणि खरा खर्च बॅटरीत आहे.

नुसत्या बॉडीची किंमत पाहून यंत्र स्वस्त की महाग हे ठरत नाही. त्या कंपनीच्या मूळ दोन बॅटऱ्या आणि चार्जर यांची किंमत मिळवा आणि तिच्या शेजारी बॉशच्या निळ्या १८ व्होल्ट मालिकेतील करवतीची, सवलत नसलेली, नुसती बॉडी आणि एक मोठी बॅटरी यांची बेरीज मांडा. चार्जर आपल्याकडे आहेच. बहुतेक वेळा दुसरी बेरीज कमी भरते, आणि शिवाय मोठी बॅटरी ड्रिललाही चालते. येथे एक खबरदारी घ्यावी: बॉशची घरगुती वापराची हिरवी १८ व्होल्ट मालिका वेगळी असून तिच्या बॅटऱ्या निळ्या यंत्रांत बसत नाहीत. माकिटाच्या १८ व्होल्ट एलएक्सटी आणि ४० व्होल्ट एक्सजीटी या मालिकाही अशाच परस्परांना चालत नाहीत. डिवॉल्टच्या बॅटरीवर ‘२० व्होल्ट मॅक्स’ लिहिलेले असते, म्हणून ती १८ व्होल्टपेक्षा जोरकस आहे असे दुकानदार सांगतात. प्रत्यक्षात दोन्हींत पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात, ३.६ व्होल्टने मोजले तर १८ होतात आणि पूर्ण चार्ज झाल्यावरच्या, भार नसतानाच्या सुमारे ४ व्होल्टने मोजले तर २०.

आता आपल्या २ अँपिअर-अवरच्या बॅटऱ्यांविषयी. त्या ड्रिलला उत्तम आहेत, पण करवतीला अपुऱ्या पडतील. ड्रिल थोडा वेळ जोर लावते आणि थांबते. करवत मात्र तुळई कापून होईपर्यंत सलग ओढत राहते. समजा कापताना यंत्राने ६०० वॅट मागितले, तर १८ व्होल्टवर सुमारे ३३ अँपिअर प्रवाह लागतो. २ अँपिअर-अवरच्या बॅटरीत साधारणपणे पाचच सेल असतात, त्यामुळे हा सगळा प्रवाह प्रत्येक सेलमधून जातो. ४ किंवा ५ अँपिअर-अवरच्या नेहमीच्या बॅटरीत दहा सेल, म्हणजे दोन-दोनच्या पाच जोड्या असतात. प्रत्येक सेलवर निम्मा प्रवाह येतो आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती प्रत्येक सेलमागे चौथाईवर येते. लहान बॅटरी लवकर संपते एवढीच अडचण नाही. ती तापते, तिचे व्होल्टेज खाली बसते आणि संरक्षक सर्किट यंत्र मध्येच बंद करते. साठ्याचा हिशेब केला तरी २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॅट-अवर, म्हणजे ६०० वॅटच्या सलग भारावर चार मिनिटांहून कमी. ५ अँपिअर-अवरची बॅटरी त्याच भारावर नऊ मिनिटे पुरेल. म्हणून करवतीसाठी ४ अँपिअर-अवरपेक्षा कमी क्षमतेची बॅटरी घेऊ नये, आणि जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, जेथे पावसाळ्यात वीज गेली की चार्जिंगचा भरवसा नसतो, तेथे अशा दोन बॅटऱ्या भरून न्याव्यात.

‘कम्पॅटिबल’ बॅटरी खाचेत बसते याचा अर्थ ती आतून तशीच आहे असा होत नाही. तिच्यावरच्या आकड्याची पडताळणी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे ती वजनकाट्यावर ठेवणे. १८६५० आकाराचा एक सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅमचा असतो आणि त्याची क्षमता फार तर ३.५ अँपिअर-अवरच्या आसपास जाते. ६ अँपिअर-अवर खरे असतील तर असे दहा सेल हवेत, म्हणजे नुसत्या सेलांचेच वजन अर्धा किलोच्या जवळपास हवे. तीनशे-साडेतीनशे ग्रॅम भरणाऱ्या बॅटरीवर ६ लिहिलेले असेल तर आत पाचच सेल आहेत आणि तो आकडा खोटा आहे. ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असे छापलेल्या बॅटऱ्यांचेही तसेच. त्यांत बहुधा पाच सेलांचीच मांडणी असते आणि त्या छापलेल्या आकड्याचा व्होल्टेजशी संबंध नसतो. लिथियम बॅटरीवर भारतीय मानक आयएस १६०४६ आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो नसेल तर किंमत काहीही असो, ती बॅटरी बाजूला ठेवावी.

अ‍ॅडॅप्टर लावून आपली बॉशची बॅटरी परक्या करवतीला जोडण्याचा मार्गही अनेक जण सुचवतील. ड्रिलच्या हलक्या कामात तो निभावतो, पण करवतीसाठी मी त्याच्या विरोधात आहे. अनेक मालिकांत बॅटरी किती तापली आणि किती उतरली याचा संकेत ती यंत्राला देते आणि थांबण्याचा निर्णय यंत्र घेते. साधा अ‍ॅडॅप्टर फक्त धन आणि ऋण टोके जोडतो आणि हा संकेत तुटतो. मग सेल मर्यादेच्या खाली उतरेपर्यंत करवत चालत राहते, आणि तसा उतरलेला सेल चार्जर पुन्हा स्वीकारत नाही.

मूळ कंपनीची बॅटरी सवलतीत मिळत असेल तर तिची निर्मितीची तारीख पाहावी. गोदामात दीर्घकाळ पडलेली बॅटरी स्वतःहून उतरत जाते, म्हणून ती विक्रेत्यासमोर चार्जरवर लावून पाहावी. वॉरंटीच्या कागदावर बॅटरीची मुदत यंत्रापेक्षा वेगळी, बहुधा कमी लिहिलेली असते, तीही वाचावी.

करवतीच्या बाबतीत मी प्रथम पात्याची पुढे-मागे होणारी चाल पाहीन. जाड वाशासाठी २८ ते ३२ मिलिमीटरची चाल हवी. आखूड चालीच्या लहान यंत्राचा दात भुसा बाहेर काढू शकत नाही आणि पाते तापते. मात्र शिडीवर उभे राहून फांद्या कापायच्या असतील तर हेच लहान यंत्र हलके आणि सुरक्षित ठरते, त्यामुळे आपल्या कामात घरे जास्त की झाडे जास्त, हे आधी ठरवावे. ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली) मोटर असल्यास तीच बॅटरी अधिक पुरते. पाते पान्याशिवाय बदलता येणे, आणि ट्रिगर सोडताच पाते थांबणे, या दोन गोष्टी हातात घेऊन तपासाव्यात. वीतभर किंवा त्याहून जाड खोडांसाठी मात्र साखळीची करवतच योग्य. त्या कामाची अपेक्षा या यंत्राकडून ठेवू नये.

पात्यांवर बचत करू नये, असे मी आग्रहाने सांगतो. जुन्या सागवानी तुळयांत खिळे असतातच, म्हणून इंचाला ६ ते १० दात असलेले, खिळ्यांसह लाकूड कापणारे बायमेटल (दोन धातू जोडून केलेले) पाते घ्यावे. ओल्या फांद्यांना ५-६ मोठे दात लागतात, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला १४ ते १८ आणि पातळ पत्र्याला त्याहून बारीक. धातूत एका वेळी किमान तीन दात टेकलेले असावेत. कापताना पुढची पट्टी लाकडाला घट्ट टेकवून ठेवावी, नाहीतर यंत्र हाताला हिसका देते आणि पाते वाकते. पात्यांची मागची टोके बहुतेक कंपन्यांत एकाच मापाची असल्याने, बॅटरीसारखे बंधन येथे नाही.

खरेदी बेळगावात करावी की कोल्हापुरात, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी येतो. दहा टक्क्यांचा फरक असला तरी मी दुरुस्ती केंद्र जेथून जवळ आहे तेथील दुकान निवडीन. आपली जीएसटी नोंदणी कर्नाटकात असेल आणि कोल्हापूरच्या दुकानदाराने महाराष्ट्राचा एसजीएसटी (राज्याचा जीएसटी) लावून बिल केले, तर तो कर आपल्याला वळता करून घेता येत नाही; म्हणून आपल्या पत्त्यावर माल पाठवून आयजीएसटीचे (आंतरराज्य विक्रीवरच्या जीएसटीचे) बिल मागावे. बिलावर यंत्राचा आणि प्रत्येक बॅटरीचा अनुक्रमांक लिहून घ्यावा.

बॅटरी हाती आल्यावर, जोरदार कापणीनंतर गरम असताना ती चार्जरवर चढवू नये, निवू द्यावी. उन्हाळ्यात अथणी-चिकोडीकडे कामाला गेलात तर ती बंद पिकअपमध्ये ठेवू नये. काम नसलेल्या महिन्यांत निम्मी भरून, कोरड्या जागी, यंत्रापासून काढून ठेवावी. तूर्त आपल्या निळ्या ड्रिलच्या मालिकेतील नुसत्या करवतीचा आणि ५ अँपिअर-अवरच्या एका मूळ बॅटरीचा भाव बेळगावात दोन-तीन ठिकाणी विचारा आणि येथे लिहा. आकडे समोर आले की त्या सवलतीशी नेमकी तुलना मी करून देईन.