‘लोभ असावा’ आणि एपी स्पॅनिश

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी दहावीत आहे. सहावीपासून स्पॅनिश शिकतेय, आणि तिच्या शिक्षिकेनं पुढच्या वर्षी ‘एपी स्पॅनिश लँग्वेज अँड कल्चर’ घे असं सुचवलंय (एपी म्हणजे हायस्कुलातच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा विषय). ह्यांचं म्हणणं, एपी घ्यायचंच तर केमिस्ट्री घे, स्पॅनिशचा काय उपयोग? मुलीची भीती वेगळीच. वर्गात निम्मी मुलं घरी स्पॅनिश बोलणारी, त्यांच्यापुढे आपला काय निभाव लागणार? आणि मला सलतं ते हे, की सांगलीच्या आजीशी फोनवर ती चार वाक्यं मराठीत धड बोलत नाही आणि आम्ही तिला दुसऱ्याच भाषेत पारंगत करायला निघालोय. काय करावं? – एक आई

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य मी आधी घेते, कारण माझ्या वर्गात बसलेल्या प्रत्येक मराठी मुलीच्या आईनं ते मला कधी ना कधी बोलून दाखवलंय. एकोणीस वर्षं मी इथल्या पब्लिक हायस्कुलात स्पॅनिश शिकवते, त्यातली अकरा वर्षं एपी. तुम्ही या दोन भाषांना सवती समजताय. माझा अनुभव अगदी उलटा आहे. तुमच्या मुलीच्या कानात जी मोडकीतोडकी मराठी आहे, ती तिला या वर्गात रोज उपयोगी पडणार आहे. फक्त ते तिला कुणीतरी दाखवून द्यायला हवं.

इंग्रजीच भाषा असलेली मुलं पहिल्या वर्षी अडतात ती ‘मे गुस्ता’पाशी. ‘आय लाइक मँगोज’मध्ये कर्ता मी. स्पॅनिशमध्ये कर्ता आंबा : ‘मे गुस्ता एल मांगो’, आणि अनेक असतील तर ‘मे गुस्तान लोस मांगोस’. चौथ्या वर्षालाही मुलं इथे चुकतात. आता मराठीत म्हणा : मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. झालं! आपल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते.

भूतकाळाचंही तसंच. ‘फुई’ म्हणजे गेले, ‘इबा’ म्हणजे जायचे. लहानपणी मी आजीकडे जायचे, पण त्या वर्षी गेले नाही. हा फरक इंग्रजीत एका ‘वेन्ट’मध्ये विरघळून जातो, म्हणून त्या मुलांना तो नियम पाठ करून शिकावा लागतो. मराठी कानाला तो आधीच ऐकू येतो. पेला फुटला की स्पॅनिश माणूस ‘से मे कायो एल वासो’ म्हणतो. माझ्या हातून पेला पडला. मी पाडला नाही, हातून पडला! हे वाक्य शिकवताना मराठी मुलीचा चेहरा उजळतो, तो क्षण मला फार आवडतो.

आणि मग येतो सब्जंक्टिव्ह, ज्याच्या धास्तीनं निम्मी मुलं एपीचं नाव काढत नाहीत. इच्छा, विनंती, हेतू सांगताना क्रियापदाचं रूप बदलतं. ‘कियेरो के वेंगास’ : तू यावंस असं मला वाटतं. ‘पारा के एन्तिएन्दा’ : तिला समजावं म्हणून. आपलं ‘यावं, जावं, समजावं’ पुष्कळदा नेमकं त्याच जागी बसतं. माझ्या आईच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ असायचं. ते शब्द मी दर सप्टेंबरला फळ्यावर देवनागरीत लिहिते आणि मराठी-हिंदी घरांतल्या मुलांकडून वाचून घेते. सगळ्या जागा जुळतात असं मात्र नाही. ‘तो येईल असं वाटत नाही’ इथे स्पॅनिशमध्ये सब्जंक्टिव्ह लागतो, मराठीत तसं रूप नाही. ते वेगळं शिकायचं. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ दोन्हींना आपल्याकडे एकच ‘आहे’, तिथे मराठी मुलंही सगळ्यांबरोबर धडपडतात. आणि वस्तूंना लिंग असतं याचं आपल्या मुलांना नवल वाटत नसलं, तरी आपला हात पुल्लिंगी आणि त्यांची ‘मानो’ स्त्रीलिंगी.

तेव्हा तिला सांगा, आजीशी फोनवर बोलताना ‘जायचे’ आणि ‘गेले’ कान देऊन ऐक. आजीला लहानपणीच्या गोष्टी विचार. सांगलीतल्या त्या अर्ध्या तासात दोन्ही भाषांचा अभ्यास होईल. माझ्या मुलाच्या बाबतीत हे मला उशिरा सुचलं. त्याची मराठी सुटत गेली तेव्हा मी व्याकरणाच्या वह्या तपासत बसले होते. म्हणून तुम्हाला इतक्या कळकळीनं लिहितेय.

आता वर्गातल्या त्या मुलांविषयी. डोमिनिकन, मेक्सिकन, एक्वाडोरच्या घरांतली मुलं भरभर बोलतात हे खरं. पण लिहिताना त्यांतली कितीतरी मुलं ‘ब’ आणि ‘व’च्या स्पेलिंगला आणि अक्षरांवरच्या आघातचिन्हांना अडखळतात, कारण भाषा त्यांनी स्वयंपाकघरात ऐकली, वहीत लिहिली नाही. तुमच्या मुलीचं नेमकं उलट असतं. मी त्यांना जोडीनं बसवते, दोघांनाही फायदा होतो. परीक्षकासमोर तुलनेला शेजारचा मुलगा नसतो, ठरलेल्या निकषांवर प्रत्येक उत्तर तपासलं जातं. शिवाय ज्यांना वर्गाबाहेर स्पॅनिश ऐकायला मिळत नाही, अशा मुलांचे निकाल एपीच्या परीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड वेगळेही जाहीर करतं. ते तिला दाखवा, म्हणजे आपल्यासारख्या मुलांचं काय होतं ते कळेल.

परीक्षा मी ज्या स्वरूपात घेतली ती साधारण तीन तासांची. 65 बहुपर्यायी प्रश्नांना निम्मे गुण. उरलेल्या निम्म्यात एका ईमेलला 15 मिनिटांत उत्तर, एक लेख, एक तक्ता किंवा आलेख आणि एक ध्वनिफीत यांवरून निबंध, त्याला 55 मिनिटं, एक संवाद, आणि दोन मिनिटांचं सांस्कृतिक तुलनेचं भाषण. तिच्या वर्षाचा आराखडा कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

ईमेलचं उत्तर औपचारिक हवं. ‘तू’ हा शब्द दोन्ही भाषांत तोच आणि त्याच अर्थाचा, हे तिच्या लक्षात आलं असेलच. पण ईमेलमध्ये तो चालत नाही, ‘उस्तेद’च, म्हणजे आपलं आदरार्थी ‘तुम्ही’ हवं. मधेमधे ‘तू’ डोकावत राहिला तर गुणांवर परिणाम होतो. इंग्रजी मुलांना हे मुद्दाम लक्षात ठेवावं लागतं. शेजारच्या काकूंना ‘अहो’ म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला तो सूर ओळखीचा असतो.

तुलनेच्या भाषणात एखाद्या स्पॅनिशभाषक समाजाची तुलना आपल्या किंवा दुसऱ्या समाजाशी करायची असते. इथे बहुतेक मुलं थँक्सगिव्हिंगवर येऊन थांबतात. गेल्या वर्षी सरावात एका मराठी मुलीनं मेक्सिकोचा ‘दिया दे मुएर्तोस’ आणि आपला पितृपक्ष घेतला. 1 आणि 2 नोव्हेंबरला ते लोक गेलेल्यांच्या आवडीचे पदार्थ वेदीवर मांडतात, आपण त्यांच्या आवडीचं पान वाढतो. वेदीवर झेंडू असतो, आणि हा झेंडू मुळातच मेक्सिकोचा. ती आजोबांच्या आवडीच्या अळूवडीबद्दल बोलत होती, आणि वर्गातला मेक्सिकन मुलगा दोन मिनिटं संपल्यावरही तिला प्रश्न विचारत राहिला.

केमिस्ट्रीबद्दल थोडक्यात. तिला विज्ञानाकडे जायचं असेल तर केमिस्ट्री घ्यावीच. स्पॅनिश त्याच्याऐवजी नको, जोडीला चालेल. तीन एपी आधीच असतील आणि मुलगी रात्री एकला झोपत असेल, तर मात्र हे चौथं ओझं देऊ नका. पाचपैकी तीन किंवा जास्त गुण मिळाले की बरीच कॉलेजं क्रेडिट देतात किंवा भाषेची अट माफ करतात. प्रत्येकाचा नियम वेगळा, विचारून घ्या. ‘उपयोग काय’ याला मी एवढंच सांगेन, की न्यू जर्सीत डॉक्टर, नर्स, वकील, शिक्षक कुणीही व्हा, समोर स्पॅनिश बोलणारा माणूस येणारच.

प्रश्न : मावशी, मी अकरावीत एपी स्पॅनिश करतोय. संवादाच्या भागात बोलायला फक्त 20 सेकंद मिळतात. मला उत्तर माहीत असतं, पण तोंड उघडेपर्यंत वेळ संपतो. – एक विद्यार्थी, डॅलस

उत्तर : बाळा, पाच वेळा 20 सेकंद मिळतात, आणि समोरचा काय विचारणार याचा अंदाज देणारी रूपरेषा आधी छापलेली असते. ती वाचताना प्रत्येक ओळीपुढे एकेक क्रियापद लिहून ठेव, आख्खं वाक्य नको. बोलायला लागताना पहिले तीन सेकंद भरून काढणारं काहीतरी जिभेवर हवं : ‘पुएस, ला बेर्दाद एस के...’ म्हणजे आपलं ‘खरं सांगायचं तर...’. तेवढ्यात पुढचं सुचतं. चुकलास तर थांबू नकोस. ‘दिगो’ म्हण, म्हणजे ‘म्हणजे मला म्हणायचंय’, आणि वाक्य सुधार. परीक्षक स्वतःहून केलेली दुरुस्ती चांगली मानतात. रोज रात्री फोनवर 20 सेकंदांचा गजर लावून पाच उत्तरं रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐक. ऐकताना ‘त’ आणि ‘द’कडे लक्ष दे. स्पॅनिश ‘त’ आपला ‘त’च आहे, इंग्रजी ‘ट’ नाही. तू आईला हाक मारून ‘ताट वाढ’ म्हणतोस, त्यातला पहिला ‘त’ घे.