बेटांवरचा पांढरा गोळा म्हणजे वादळच का?

तुमचा मुलगा जहाजावर आहे, सध्या सुमात्राजवळ, आणि उपग्रहाच्या चित्रात तिथल्या बेटांवर रोज पांढरेशुभ्र गोळे दिसतात. ती वादळं आहेत का, असं तुम्ही विचारलंय. माझे मिस्टर बरीच वर्षं जहाजावर होते. इथे नेरुळला बसून हेच गोळे बघत मी रात्री जागवल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी चित्र कुठलं ते बघा. रात्रीही ढग दिसत असतील तर ते इन्फ्रारेड, म्हणजे उजेड नव्हे, उष्णता टिपणारं चित्र. त्यात पांढरं म्हणजे पाऊस नव्हे, पांढरं म्हणजे थंड. ढगाचा माथा जितका उंच, तितका थंड आणि तितका पांढरा. रंगीत चित्रात त्याच थंडपणाला भडक रंग देतात, त्यामुळे लाल दिसलं की छातीत धस्स होतं. पण खूप उंचावरचा विरळ, बर्फकणांचा ढगही तसाच पांढरा दिसू शकतो आणि त्याच्याखाली समुद्र शांत असतो. दिवसा त्याच वेळेचं साध्या उजेडातलं चित्र शेजारी उघडा. विरळ ढगातून खालचं दिसतं; गडगडाटी ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा घट्ट असतो, तिरप्या उन्हात त्याची सावलीही पडते.

मग वेळ वाचा. चित्रावर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहिलेली असते. आपल्यासाठी त्यात साडेपाच तास मिळवायचे, सुमात्रासाठी सात. ०९ यूटीसी म्हणजे तिथे दुपारचे चार, आणि बेटांवरचे बहुतेक गोळे याच वेळचे. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, दोन्ही किनाऱ्यांकडून वारे आत येऊन भिडतात, हवा वर चढते. आमच्या गच्चीवरून ऑक्टोबरात कितीदा हेच दिसतं: सकाळी आभाळ कोरं, तीननंतर माथेरानच्या बाजूला ढगांचे मनोरे, विजा, आणि जेवणं उरकेपर्यंत चांदण्या. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला टिवी बेटांवर पावसाळ्याच्या तोंडाशी असा ढग इतक्या नेमाने उठतो की त्याला 'हेक्टर' हे नावच पडलंय. तो २० किलोमीटरपर्यंत चढतो!

सुमात्राची गोष्ट थोडी वेगळी. तिथे बारिसानची डोंगररांग पश्चिम किनाऱ्याला लागून आहे. दुपारी डोंगरावर उठलेले ढग रात्री समुद्राकडे सरकतात आणि पहाटेपर्यंत टिकतात. मलाक्काच्या सामुद्रधुनीत तर पहाटे स्क्वॉल, म्हणजे अचानक उठणारी वाऱ्या-पावसाची झोड, येतात. तास-दोन तास वारा आणि पाऊस झोडपून काढतो. मोठ्या जहाजाला ते नवं नाही. म्हणून फक्त रात्री ढग दिसला, एवढ्यावरून घाबरू नका.

चक्रीवादळाची खूण म्हणजे वळण. ढगांचे पट्टे एका केंद्राभोवती गुंडाळत जातात आणि ते दिवसेंदिवस टिकतात. एका चित्रावरून ठरवू नका, बारा तासांची चित्रं लागोपाठ बघा. मे २०२१ मध्ये तौक्ते लक्षद्वीपजवळ तयार झालं, तेव्हा तो ढग रात्री विरला नाही, उलट दुसऱ्या सकाळी आणखी गोल झाला. १७ मे रोजी ते मुंबईच्या पश्चिमेकडून वर सरकलं आणि आमच्या सेक्टरमधली झाडं आडवी झाली.

तुमच्या मुलाच्या बाजूने एक गोष्ट मोठी आहे: सुमात्रा विषुववृत्तावरच आहे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला जे वळण मिळतं, ते विषुववृत्ताजवळ जवळपास नसतंच. त्यामुळे पाच अंशांच्या आत चक्रीवादळ क्वचितच बनतं. कधीच नाही असं मात्र नाही: डिसेंबर २००१ मध्ये 'वामेई' सिंगापूरजवळ, जेमतेम दीड अंशावर बनलं होतं.

आज रात्री नऊला चित्र बघा, मग सरळ झोपा आणि उद्या सकाळी अकराला परत बघा. गोळा विरला असेल तर तो रोजचाच. विरला नसेल, वळायला लागला असेल, तर चित्र बाजूला ठेवून हवामान खात्याचं बुलेटिन वाचा. जहाजावर तशी सूचना एव्हाना पोचलेली असते.