स्कॅनरवर (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी आपोआप चाळणाऱ्या रेडिओ रिसीव्हरवर) दुसऱ्यांचे रेडिओ संदेश ऐकणं कायदेशीर आहे का?

देशागणिक उत्तर बदलतं. "लहरी हवेतूनच येतात, मग ऐकायला कोण अडवणार?" हा युक्तिवाद मात्र सगळीकडे चालत नाही.

सर्वांसाठी असलेलं प्रसारण किंवा हौशी रेडिओवरच्या गप्पा ऐकायला सहसा हरकत नसते. अडचण येते ती पोलीस, विमानतळ, खासगी वायरलेस यांची. ब्रिटनमध्ये २००६ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याच्या कलम ४८ नुसार, आपल्यासाठी नसलेला संदेश मुद्दाम ऐकणं हाच गुन्हा आहे. वैमानिक आणि नियंत्रण कक्षातलं बोलणंही त्यात आलं. स्कॅनर बाळगायला मात्र तिथे मनाई नाही. अमेरिकेत पोलिसांचे एन्क्रिप्ट न केलेले (म्हणजे सांकेतिक रूपात न बदललेले) संदेश साधारणपणे ऐकता येतात, मोबाइलवरचं संभाषण ऐकता येत नाही. काही राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवण्यावरही बंधनं आहेत.

ऐकलेलं दुसऱ्याला सांगणं किंवा रेकॉर्डिंग नेटवर टाकणं हा वेगळा आणि जास्त गंभीर भाग. माझ्या मते ते रास्तच आहे, कारण रुग्णवाहिकेच्या वायरलेसवर कुणाचा तरी पत्ता आणि आजार असतो. एन्क्रिप्टेड संदेश फोडण्याच्या नादी तर लागूच नका. यंत्र विकत घेण्याआधी तुमच्या देशात नुसत्या रिसीव्हरलाही परवाना लागतो का, ते तपासा.