पहिला पॅच पाठवलास, आता पॅचवर्कवर लक्ष ठेव

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नेटवर्किंग विभागात पॅच (कोडमधला बदल) पाठवलास, छान केलंस! आता नुसती उत्तराची वाट बघू नकोस, पॅचवर्कवर, म्हणजे ईमेलने आलेल्या पॅचची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवर, त्याची स्थिती बघ. तिथे 'चेंजेस रिक्वेस्टेड' (बदल हवेत) दिसलं की तो पॅच मेंटेनरच्या, म्हणजे त्या विभागाचे पॅच स्वीकारणाऱ्याच्या, रांगेतून बाहेर पडला असं समज. तू नवी आवृत्ती पाठवेपर्यंत तिकडे कुणी वळून बघणार नाही. हे ठाऊक नसल्याने मी तीन आठवडे ताटकळलो होतो. दुरुस्ती झाली की ईमेलच्या विषयात 'व्ही२' (दुसरी आवृत्ती) घाल, काय बदललंस ते पॅचमधल्या तीन डॅशांच्या (---) ओळीखाली लिही. मात्र दोन आवृत्त्यांमध्ये निदान २४ तास जाऊ दे. तपासणारे थकलेले असतात रे. आणि तोवर दुसऱ्या कुणाचा पॅच मनापासून वाच. तुझा 'रिव्ह्यूड-बाय' ('मी तपासला' असं सांगणारी तुझ्या नावाची ओळ) पॅचवर्क त्या पॅचसमोर मोजून दाखवतं, मेंटेनरचं ओझं तेवढंच हलकं होतं.