वाचक विचारतात : हँगरमध्ये चित्रं लावा, विमानाला नकोत

प्रश्न : आमच्या संस्थेच्या शेडमध्ये दोन जुनी प्रशिक्षण विमानं आणि एक रेडियल इंजिन (सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेलं) आहे. तिथेच समकालीन चित्र-शिल्पांचं प्रदर्शन भरवायचा विचार आहे. पंखांना चित्रं टांगली तर चालेल का?
– एक विश्वस्त, विलेपार्ले

उत्तर : प्रदर्शन जरूर भरवा, पण पंखांना काहीही टांगू नका. हवेत पंख अख्खं विमान पेलतो हे खरं, पण तेव्हा भार सगळ्या पंखभर पसरलेला असतो. एका हुकाला लोंबणारी चार-पाच किलोची चौकट पंखाच्या मागच्या कडेचा पत्रा दुमडून ठेवते. लहान विमानांत हा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो.

टांगायचं ते छपराच्या कैचीवरून, तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून भार लेखी घेऊन. प्रत्येक कलाकृतीला दोन वायर-रोप लावा. दुसरा जेमतेम सैल असावा. फार सैल ठेवलात तर पहिला तुटल्यावर जो हिसका बसेल त्यात तोही जाईल. विमानाच्या बरोबर वर मात्र काहीच टांगू नका.

खरा घात होतो तो डबल टेपने. मुंबईच्या उकाड्यात दोन महिन्यांत टेपचा गोंद रंगात मुरतो, काढताना रंगाचा पापुद्रा सोबत घेऊन येतो आणि खाली उघडं अॅल्युमिनियम राहतं. मग खारी हवा आपलं काम करते. रिव्हेटच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी दिसू लागली की समजा गंज धरलाय. लोखंडी साखळी किंवा तांब्याची तार पत्र्याला टेकली तरी तेच. दोन धातू आणि मध्ये खारट ओल म्हणजे घरचीच बॅटरी, आणि झिजतं ते अॅल्युमिनियम. चिकटवायचं सिलिकॉनसुद्धा बघून घ्या. लावताना व्हिनेगरसारखा वास येतो त्यातून अॅसिटिक आम्ल सुटतं, ते धातूला खातं. दुकानात ‘न्यूट्रल क्युअर’, म्हणजे हे आम्ल न सोडणारं, मागा, आणि तेही तुमच्या फलकांपुरतंच वापरा.

रेडियल इंजिनाखाली एखादं पांढरं शिल्प ठेवायचा मोह होईल. ठेवू नका. खालच्या सिलिंडरांत साठलेलं तेल वर्षानुवर्षं थेंब-थेंब गळत राहतं. तिथे पत्र्याचा ट्रे ठेवा आणि शिल्प हातभर तरी दूर सरकवा.

प्रश्न : शेडला एसी नाही. कोणत्या कलाकृती मागवाव्यात?
– एक वाचक, अंधेरी

उत्तर : धातू, सिरॅमिक, दगड, फायबरग्लास, व्हिडिओ. कागदावरची कामं, जलरंग, जुने फोटो अजिबात नकोत. त्यांना प्रकाश फार तर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपासच चालतो, आणि छपरातल्या पारदर्शक पत्र्यांखाली दुपारी त्याच्या कितीतरी पट उजेड पडतो. शिवाय पावसाळ्यात आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर गेली की कागद फुगतो आणि त्याला बुरशी धरते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच हंगाम धरा.

प्रोजेक्टर थेट चकचकीत धडावर मारलात तर मधोमध एक झगझगीत ठिपका दिसेल, चित्र नाही. धडापुढे दीडेक फुटावर जाळीदार कापड ताणून त्यावर मारा. कापड अग्निरोधक हवं. जुनं विमान कापडी मढवणीचं असेल तर दुप्पट काळजी घ्या, कारण त्यावरचा जुना नायट्रेट डोप, म्हणजे कापड ताठ करणारा लेप, चटकन पेट घेतो. हॅलोजन दिवे तर त्याच्या जवळपासही नकोत.

प्रश्न : कॉकपिटमध्ये प्रेक्षकाला बसवून ध्वनी ऐकवायची माझी कल्पना आहे. परवानगी मागू का?
– कला शाखेची विद्यार्थिनी, दादर

उत्तर : आधी संग्रहालयाला दोन गोष्टी विचारा. पहिली, सीट इजेक्शनची (संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारी) असेल तर तिची काडतुसं काढल्याचा लेखी दाखला आहे का? दुसरी, घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग आहे का? तो रंग अंधारात चमकत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. चमक देणारं झिंक सल्फाइड काही दशकांत थकतं, रेडियमचा अर्धायुष्यकाळ मात्र सुमारे १६०० वर्षांचा आहे. तबकडीची काच कधीही उघडू नका. दोन्हींची खात्रीलायक उत्तरं मिळेपर्यंत स्पीकर बाहेर स्टँडवर आणि प्रेक्षकही बाहेरच. वीज विमानाच्या जुन्या वायरिंगमधून तर मुळीच घेऊ नका.

प्रश्न : आम्ही मुलांना विमान दाखवायला नेतो. मध्येच ही आधुनिक कला कशाला?
– एक पालक, ठाणे

उत्तर : विमान झाकणारी कला आम्हालाही नको. मुलाच्या उंचीवर बसून बघा. तिथून नाक, चाकं आणि शेपूट दिसत नसेल तर कलाकृती हलवायला सांगा, तुमचा तो हक्कच आहे. पण जुन्या वस्तूंशी नव्या कलेनं बोलणं मुंबईला नवीन नाही. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जितीश कल्लाट यांनी २०११ मध्ये तिथल्या संग्रहाला उद्देशूनच काम मांडलं होतं. लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये २०१० साली फिओना बॅनर यांनी अख्खं सी हॅरियर नाक खाली करून टांगलं. आपल्या नौदलानेही वापरलेलं ते विमान तसं उलटं पाहिलं की त्याचा आकार नव्याने कळतो.

प्रश्न : करारात काय लिहावं?
– एक आयोजक, माटुंगा

उत्तर : विमा कलाकाराच्या भिंतीवरून निघून परत तिथे पोचेपर्यंतचा हवा, फक्त शेडमधला नको. कलाकृती कोण उतरवणार आणि किती दिवसांत, हे लिहा. आणि ती कापायची, रंगवायची वा हलवायची झाली तर कलाकाराची लेखी संमती घ्या. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं कांस्य भित्तिशिल्प काढताना खराब झालं, त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये निकाल कलाकाराच्या बाजूने दिला. विमानाचेही फोटो काढून ठेवा. लावण्याआधी आणि उतरवल्यावर, प्रत्येक पॅनेलचे, तारखेसह.