जीएम ट्यूबला (किरणोत्सर्ग मोजणारी गायगर-म्युलर नळी) हात लावायच्या आधी
न्यूक्लिअर लॅबला घाबरू नकोस रे, शिकवायचे किरणोत्सर्गी सोर्स बहुतेक मायक्रोक्युरीतले, म्हणजे अगदी कमी ताकदीचे असतात, पण डोस नोंदवणारा बॅज छातीवर लावूनच आत जा आणि खाण्याचा डबा तिथं उघडायचा नाही म्हणजे नाही. जीएमचा प्लॅटो, म्हणजे व्होल्टेज वाढवलं तरी काउंट जवळपास तेवढेच राहतात तो पट्टा, आधी नीट काढ, मग व्होल्टेज त्याच्या साधारण पहिल्या एक तृतीयांशात ठेव, उगाच वर चढवत बसलास तर ट्यूब सतत डिस्चार्ज व्हायला लागते आणि बिचारी बाद होते. बॅकग्राउंडपण, म्हणजे सोर्स नसतानाचे काउंट, भरपूर वेळ मोज, पोरं नेमका इथंच कंटाळा करतात. 100 काउंटला एरर 10 टक्के, 10,000 ला 1 टक्का, त्यामुळे घाई कुणाचीच चालत नाही. सोडियम आयोडाइडच्या गॅमा डिटेक्टरवर ऊर्जेच्या कॅलिब्रेशनला सीझियम-137 चा 662 केईव्हीचा (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) गॅमा आणि कोबाल्ट-60 चे 1173, 1332 पुरेत, फक्त त्यानंतर गेनला (सिग्नल किती पट वाढवायचा ते सेटिंग) हात लावू नकोस.