तुझी भरती-ओहोटीची फाईल बघितली

अगं, काल रात्री जेवणं आटपल्यावर बसून तुझी फाईल नीट बघितली. मेहनत दिसते गं, पण चौदा पानं? तासिका पस्तीस मिनिटांची, त्यात हजेरी, त्यात कोणीतरी पाणी प्यायला जाणार, आणि साठ पोरांना चौदा पानं म्हणजे झेरॉक्सचे पैसे कोणाच्या खिशातून?

सगळ्यात भारी पान सहावं. पोरांचे आईबाबा रोज हार्बरने वाशी पुलावरून जातात, त्यांना विचारायचं की खाडीत पाणी भरलेलं होतं की चिखल दिसत होता, आणि वहीत लिहायचं. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, म्हणजे या सोमवारी पूल ओलांडताना पाणी काठोकाठ असेल तर पुढच्या सोमवारी त्याच लोकलमधून चिखल दिसणार. हे पोरांनी स्वतः शोधलं की मग चंद्राचं सांग, आधी नको. हे एक पान वेगळी फाईल कर, बाकीच्याचेही तुकडे कर. गुहागरचा मास्तर वाशी पूल काढून स्वतःची जेटी टाकेल, आणि टाकू दे की, त्याला तसं करता यावं म्हणूनच तर ओपन मटेरियल करतोय ना आपण.

माझंच सांगते. मी एकदा अपूर्णांकांची वर्कशीट जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून मुरबाडकडच्या मैत्रिणीला पाठवली, तिच्या कॉम्प्युटरवर नुसती चिन्हं आणि बाण. मग शहाणपणा करून पीडीएफ पाठवली. तिला पिझ्झाच्या जागी भाकरी हवी होती, पोरांनी पिझ्झा फक्त टीव्हीवर बघितलेला, पण पीडीएफमध्ये बदलणार कसं? शेवटी बाईने सगळं फळ्यावर हाताने काढलं. तेव्हापासून युनिकोडच, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं नीट दिसतात, आणि पीडीएफसोबत एडिट होणारी फाईलही.

आता फ्लेमिंगोचा फोटो. गूगलवरून उचललायस ना? काढ. ऐरोलीला जाऊन स्वतः काढ किंवा विकिमीडिया कॉमन्सवरून घे, तिथे प्रत्येक फोटोखाली कोणाचा आणि कुठलं लायसन्स ते लिहिलेलं असतं, तेवढं खाली टाकायचं. आणि बालभारतीच्या पुस्तकातली आकृती पण काढ. पीडीएफ फुकट डाउनलोड होते म्हणून ती ओपन झाली असं नाही, पुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेलं असतं की लेखी परवानगीशिवाय काही घेता येणार नाही. हा घोळ भलेभले करतात, मी पण केलाय.

लायसन्स क्रिएटिव्ह कॉमन्सचं बाय-एसए 4.0 टाक, म्हणजे तुझं नाव राहतं आणि कोणी बदलून पुढे दिलं तर त्यालाही तसंच खुलं ठेवावं लागतं. एनडीवालं चुकूनही घेऊ नकोस, बदललेलं वाटताच येत नाही, मग गुहागरवाला अडकला. क्लासवाले विकतील म्हणून एनसी, म्हणजे धंद्यासाठी वापरायला मनाई, लावावंसं वाटेल, ते तुझं तू ठरव, मी लावत नाही.

शनिवारपर्यंत पान सहाची वेगळी फाईल पाठव, माझ्या सातवीवर सोमवारी लगेच करून बघते. आणि हो, 'ओहोटि' लिहिलंयस, टी दीर्घ कर.